परतीचं भाडं

जॅनेट ओक या कॅनडातल्या लेखिकेची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ ही कादंबरी १९७९ मध्ये आली. नवी जमीन कसायला नवऱ्याबरोबर पश्चिमेकडे निघालेली मार्टी वाटेतच विधवा होते. पोटात मूल, हातात पैसा नाही, थंडी तोंडावर आलेली, आणि पूर्वेकडे परतणारा गाड्यांचा तांडा थेट वसंतात निघणार. नवऱ्याला पुरलं त्याच दिवशी क्लार्क डेव्हिस नावाचा विधुर शेतकरी तिच्यासमोर येऊन लग्नाचं विचारतो. त्याच्या लहानग्या मिसीला आई हवी आहे. तो म्हणतो, हिवाळा काढ. वसंतात तुला इथं राहावंसं वाटलं नाही, तर परतीचं भाडं मी देईन. अट एकच, मिसीला बरोबर ने, कारण तिला आईची गरज आहे.

पुढं काय होणार हे वाचकाला दहाव्या पानावरच कळतं. मार्टी राहते, तिला हळूहळू देव भेटतो, क्लार्कवर जीव जडतो. अमेरिकेतल्या ख्रिस्ती ऐतिहासिक प्रेमकथांचा हा साचाच आहे. लाकडी घर, गोधडी, बायबल, कमी बोलणारा नवरा आणि शेवटी प्रार्थना. आमच्याकडचे जाणते लोक या पुस्तकांकडं बघून नाक मुरडतात, आणि त्यांचं सगळंच चुकतं असंही नाही. तरी मला या गोष्टीतला भाड्याचा मुद्दा फार मोलाचा वाटतो. माणसानं धर्म बदलला, जोडीदार निवडला, घर सोडलं की आपण लगेच विचारतो: कुणी फूस लावली? कुणी फितवलं? मी विचारीन: परत जायचं ठरवलं असतं तर भाडं कोण देणार होतं? कुणी देणार असेल, तर ती निवड खरी. कुणीच देणार नसेल, तर त्या निवडीला प्रेम म्हणा की श्रद्धा, तिच्याकडं जरा संशयानं बघायला हवं.

मी नगरची. जन्मानं ख्रिस्ती, पेशानं शिक्षिका, आता निवृत्त. आमच्या मंडळीच्या महिला मंडळाकडं पुस्तकांचं एक लोखंडी कपाट आहे, त्याची किल्ली माझ्याकडं असते. कपाटात वरच्या कप्प्यात टीकाग्रंथ आणि प्रवचनं, त्यांना हात लागत नाही. खालच्या दोन कप्प्यांत अमेरिकेहून कुणाच्या तरी भाचीनं, सुनेनं पाठवलेल्या इंग्रजी कादंबऱ्या, त्यांची पाठ्यपुस्तकांसारखी चाळण झालेली. नर्सा नेतात, शाळेतल्या बाई नेतात, बारावीच्या मुली नेतात. मुली परत आणून देताना ‘छान आहे’ एवढंच म्हणतात. पण मधल्या पानांत बसची तिकिटं खुणेला ठेवलेली सापडतात, आणि ती खूण बहुतेक वेळा नायिका ‘राहू की जाऊ’ असा विचार करत असते तिथंच असते.

या कादंबऱ्यांवरचे दोन आक्षेप मला मान्य आहेत. पहिला, यांतला प्रदेश रिकामा असतो. नायक नांगर घालतो ती जमीन जणू देवानं त्याच्यासाठीच राखून ठेवली होती. तिथं आधी राहणारे मूळ रहिवासी पुस्तकात एक तर दिसतच नाहीत, किंवा क्षितिजावरून पुसट सरकतात. म्हणजे एकाचं घर उभं राहतं ते दुसऱ्याचं घर गेलं हे न सांगता. दुसरा आक्षेप, यांत मरण फार सोयीनं येतं. पहिला नवरा मेल्याशिवाय दुसरी वाट उघडत नाही, म्हणून लेखिका त्याला पहिल्या प्रकरणातच मारून टाकते.

पण हा दुसरा दोष एकट्या अमेरिकेचा नाही. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात, ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची आहे. पदमनजी स्वतः तीनच वर्षांपूर्वी, १८५४ मध्ये, बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले होते. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. कादंबरीतली यमुना मिशनच्या शाळेत शिकलेली. नवरा विनायकराव सुधारक विचारांचा. दोघं प्रवासाला निघतात आणि गावोगावच्या विधवांचे हाल डोळ्यांनी बघतात. मग विनायकराव मरतो, यमुनेवर तेच हाल ओढवतात, ती त्यातून बाहेर पडून ख्रिस्ती होते आणि ख्रिस्ती तरुणाशी लग्न करते. श्रद्धा, घर आणि स्वतःचं पुढचं आयुष्य हे तिन्ही प्रश्न मराठी कादंबरीच्या पहिल्याच पुस्तकात एकत्र आलेले आहेत, याचा आम्हा ख्रिस्ती लोकांना अभिमान वाटतो. मलाही वाटतो. तरी तिथंही गाठ सुटते ती मरणानंच. विनायकराव जगला असता आणि दोघांपैकी एकालाच ख्रिस्त पटला असता, तर पदमनजींनी काय लिहिलं असतं? ती कादंबरी त्यांनी लिहिली नाही. ती पुढं एका बाईनं लिहिली, आणि तिला ती रचावी लागली नाही, जगावी लागली.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आपण आत्मचरित्र म्हणून वाचतो, शाळेत धडा म्हणून शिकवतो, विनोदासाठी वाखाणतो. मी ते प्रेमकथा म्हणून वाचते, आणि माझ्या मते मराठीत तिच्या तोडीची दुसरी नाही. मुलगी अकराव्या वर्षी लग्न होऊन आली. तिच्या माहेरी वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. नवरा नारायण वामन टिळक कवी, तापट, भटक्या, हातात आलेलं दुसऱ्याला देऊन टाकणारा. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात भेटलेल्या एका युरोपियन माणसानं त्यांना बायबल वाचायला दिलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला विचारून घेतला नाही.

इथं थांबून त्या वेळचा कायदा बघितला पाहिजे. सरकारनं १८६६ मध्ये धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा केला होता. नवरा ख्रिस्ती झाला आणि बायको त्यापायी त्याच्याबरोबर नांदायला तयार नसली, तर तो कोर्टात जाऊ शकत असे. कोर्ट बायकोचं म्हणणं विचारून घेई, मग खटला वर्षभर तहकूब ठेवी. वर्षानंतरही ती नाहीच म्हणाली, तर लग्न मोडून दोघंही दुसरं लग्न करायला मोकळे. बायको ख्रिस्ती झाली तर तिलाही हीच वाट. कायदा कोरडा होता, पण मला त्यातलं ते मधलं वर्ष आवडतं. कुणीतरी कलकत्त्याला बसून विचार केला होता, की देव बदलण्याइतकी मोठी गोष्ट घरात घडली तर दुसऱ्या माणसाला विचाराला वेळ मिळाला पाहिजे.

टिळकांनी बायकोला यापेक्षा कितीतरी जास्त वेळ दिला. लग्न मोडलं नाही, दुसरं केलं नाही. लक्ष्मीबाई मुलाला, दत्तूला, घेऊन पंढरपुरात नातलगांकडं राहिल्या. नवरा पत्रं लिहीत राहिला. मग काही वर्षांनी त्या नगरला आल्या, तेव्हा ख्रिस्ती व्हायला आल्या नव्हत्या. नवऱ्याकडं आल्या, पण सोवळं बरोबर घेऊन. चूल वेगळी, पाणी स्वतः भरलेलं. टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणाच्या कामात, भोवती मिशनचा सगळा गोतावळा, आणि त्या गोतावळ्यात टिळकांची बायको ब्राह्मणी शिवाशिव पाळून राहते आहे. मिशनच्या माणसांना हे अवघडच गेलं असणार. पण तिला तसं राहता आलं. पुढं राहुरीला स्वतःशीच विचार करता करता तिच्या मनातून आधी जात गेली. जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न तिचा तिनं सोडवला आणि मग कुणाच्याही हातचं खायला-प्यायला ती मोकळी झाली. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० च्या सुमाराचा.

मी टिळकांना देवमाणूस ठरवत नाही. न सांगता बाप्तिस्मा घेऊन त्यांनी त्या बाईचं घर एका दिवसात उद्ध्वस्त केलं, हे त्यांच्या गीतांवर डोलणाऱ्या आम्हा मंडळींनी विसरू नये. पेटी-तबल्यावर त्यांची भजनं म्हणताना आम्ही ते सर्रास विसरतो. पण एकदा घर मोडल्यावर ते पुन्हा कसं बांधायचं, यात त्यांनी घाई केली नाही. बायको येण्याआधी तिचं परतीचं दार बंद केलं नाही, आल्यावरही केलं नाही. म्हणून लक्ष्मीबाईंची श्रद्धा नवऱ्याच्या श्रद्धेची शेपटी झाली नाही. टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढं नेलं. मागून चालत आलेल्या माणसाला हे जमत नाही.

याला उत्तर म्हणून कुणी विचारील, की लक्ष्मीबाईंना परत जायला पंढरपूर होतं, नातलग होते, ब्राह्मण घर होतं. ज्या बाईला कुणीच नाही, तिचं काय? तिला ज्यानं छप्पर दिलं त्याचाच देव ती घेणार. हा आक्षेप जुना आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढं ते पुण्याला नेलं. सदनात धर्माची सक्ती नाही असा शब्द होता. रमाबाई स्वतः मात्र ख्रिस्ती, १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडं असे. मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये गदारोळ झाला, ‘केसरी’नं झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या.

आमच्या मंडळीत ही हकिगत सांगताना रमाबाईंची बाजू सोळा आणे खरी असं सांगतात. मला तसं म्हणवत नाही. बारा-चौदा वर्षांची केशवपन झालेली पोर, जगात दुसरं कुणी माया करणारं नाही, आणि माया करणारी बाई रोज उघड्या दारात गुडघे टेकते. त्या पोरीवर सक्ती नव्हती, हे खरं. पण ओढ होती, आणि ओढीचंही वजन असतं.

तरीही निकाल देताना मी गोदूबाई जोशींकडं बघते. बालविधवा गोदूबाई ही शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी. त्या रमाबाईंच्या छपराखाली राहिल्या, शिकल्या, आणि सदनावर सगळ्यात मोठं वादळ आलं त्याच वर्षी, ११ मार्च १८९३ रोजी, त्यांनी पुण्यात धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्याच पुढं आनंदीबाई, बाया कर्वे. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. कर्व्यांच्या गावच्या, मुरूडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं, पण शारदा सदनानं गोदूबाईंना टाकलं नव्हतं. ज्या छपराखालून बाई हिंदू राहून, दुसरं लग्न करून, ताठ मानेनं बाहेर पडू शकते, त्या छपराखाली झालेल्या दुसऱ्या एखाद्या मुलीच्या बाप्तिस्म्यालाही वजन येतं. एकीच्या नकाराला जागा होती, म्हणून दुसरीच्या होकाराला अर्थ आला.

रमाबाईंनी हे स्वतःच्या बाबतीतही पाळलं. ज्या इंग्लिश भगिनींच्या आश्रमात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्याशीच त्या पत्रांतून वर्षानुवर्षं भांडल्या. ख्रिस्त मान्य, पण तुमच्या चर्चची प्रत्येक गोष्ट डोळे झाकून मान्य करायला मी बांधलेली नाही, असा एकूण सूर. आणि आयुष्याच्या शेवटी केडगावला बसून त्यांनी बायबलचं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी भाषांतर केलं. श्रद्धा घेतली म्हणून बुद्धी गहाण पडली नाही.

आता एक गोष्ट अशी, जी या सगळ्या नामवंत कथांमध्ये येत नाही. टिळक, लक्ष्मीबाई, रमाबाई ही ब्राह्मण माणसं. त्यांनी काय सोडलं ते त्यांना लिहिता आलं, कारण सोडायला वाडा होता, सोवळं होतं, पोथ्या होत्या. नगर जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती त्यांच्या वंशातले नाहीत. आम्ही महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून आलो. आमच्या पूर्वजांनी घर सोडलं नाही, ते होतं तिथंच, गावकुसाबाहेर राहिले. त्यांच्या प्रेमकथा कुणी लिहिल्या नाहीत.

आमच्या घरात एक सांगतात. माझा पणजा नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यात राहायचा. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर त्यानं बाप्तिस्मा घेतला आणि मिशनच्या शाळेवर शिपाईगिरी धरली. पणजी तयार झाली नाही. तिचा कुलस्वामी खंडोबा, देवाचा टाक तिनं पितळी डब्यात जपलेला. मंडळीतल्या जुन्या लोकांनी पणज्याला सांगितलं, बायकोला समजाव, टाक नदीत सोड. पणज्यानं टाक सोडला नाही. उलट दर चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्याला लागणारे पैसे तो आपल्या मिशनच्या पगारातून तिला देई, आणि एकदा जेजुरीला जायचं भाडंही त्यानं दिलं. पाळकानं त्याला यावरून चार माणसांत बोल लावले. तो म्हणे, तिचा देव तिनं सोडायचा का ठेवायचा ते ती बघेल, मी तिच्या वाटेत धोंडा का टाकू?

पणजी पुढं पुष्कळ वर्षांनी ख्रिस्ती झाली. का झाली, याची घरात तीन वेगवेगळी कारणं सांगतात आणि तिन्ही सांगणारे आपलंच खरं म्हणतात. ती बहुधा कुणाला काही बोलली नसावी. माझ्या दृष्टीनं तो जेजुरीचा खर्च पुरेसा आहे. शिपायाच्या पगारातून दिलेलं ते भाडं कादंबरीतल्या क्लार्क डेव्हिसनं देऊ केलेल्या भाड्यापेक्षा मोठं, कारण तिकडं फक्त देऊ केलं होतं, इकडं खरोखर हातावर ठेवलं.

आज परिस्थिती काय आहे? आज भाडं देणं तर दूरच, जाणाऱ्याकडूनच वसुली होते, आणि ती करण्यात सरकार, समाज आणि आमची चर्चही सामील आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला. शीख १९५६ मध्ये आणि बौद्ध १९९० मध्ये त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. म्हणजे माझ्या पणज्याची जात गावानं बाप्तिस्म्याबरोबर पुसली नाही, पण सवलत मात्र कागदानं पुसली. किती घरांत मुलगा दाखल्यावर एक आणि रविवारी दुसराच असतो, हे नगरमध्ये कुणालाही विचारा, खासगीत सांगतील. श्रद्धा लपवून ठेवावी लागणं ही काही स्वतंत्र निवड नव्हे.

दुसरीकडं धर्मांतराचे नवे कायदे बघा. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात धर्म बदलू इच्छिणाऱ्यानं साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं आहे. पण त्याच कायद्यात आधीच्या धर्मात परत जाणं हे धर्मांतरच समजलं जात नाही. परतीची वाट मोकळी हवी असं मी इतका वेळ म्हणते आहे, तेव्हा कुणी म्हणेल, बाई, हेच तर तुम्हाला हवं होतं! मला हे नको होतं. परतीच्या वाटेला किंमत तेव्हाच येते, जेव्हा जाण्याची वाटही तेवढीच मोकळी असते. एकाच बाजूनं उघडणारं दार आतल्या माणसाला कोंडण्यासाठी असतं, सांभाळण्यासाठी नव्हे. १८६६ च्या कायद्यातलं वर्ष घरातल्या दुसऱ्या माणसाच्या विचारासाठी होतं. आजची साठ दिवसांची नोटीस बाहेरच्यांच्या चौकशीसाठी आहे. विशेष विवाह कायद्यातल्या तीस दिवसांच्या नोटिशीचंही तेच. कार्यालयाच्या फलकावर नावं लागतात, आणि ज्यांचा या लग्नाशी संबंध नाही त्यांना ती आधी कळतात. मुलीला विचार करायला वेळ मिळत नाही, भावकीला जमायला मिळतो.

सरकारला बोल लावणं सोपं आहे, तेव्हा आमच्या घरचंही सांगते. आमच्या मुलीनं किंवा मुलानं हिंदू, बौद्ध जोडीदार निवडला, की मंडळीत पहिला प्रश्न येतो, बाप्तिस्मा कधी? लग्नाची तारीख ठरलेली, हॉल घेतलेला, पत्रिका छापायला गेलेल्या, आणि मग घाईघाईनं चार रविवार वर्ग घेऊन होणाऱ्या जावयाला पाण्यात उभं करतात. त्याला ख्रिस्त कोण ते ठाऊक नसतं, हॉलचं ॲडव्हान्स किती गेलं ते ठाऊक असतं. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार वधूवरांपैकी एक जरी ख्रिस्ती असलं तरी ते लग्न त्या कायद्याखाली लावता येतं. म्हणजे कायद्याला हा बाप्तिस्मा नको असतो. तो आम्हाला हवा असतो, नातेवाइकांत मान खाली जाऊ नये म्हणून. आणि सक्तीनं धर्मांतराचा आरोप झाला की हेच आम्ही दुखावल्यासारखा चेहरा करतो.

माझं म्हणणं असं, की लग्नाआधीचा बाप्तिस्मा मंडळ्यांनी बंद करावा. लग्न होऊ द्या. नवऱ्याला किंवा सुनेला वर्ष, दोन वर्षं, लागतील तितकी वर्षं चर्चच्या मागच्या बाकावर बसू द्या, किंवा घरीच राहू द्या. तिच्या देव्हाऱ्याला घरात जागा द्या. तिला नवरात्रात माहेरी जायचं असेल तर तिकीट काढून द्या, आणि येताना प्रसाद आणला तर तोंड फिरवू नका. पुढं तिनं आपणहून बाप्तिस्मा मागितला तर त्या दिवशी मंडळीनं जेवण घालावं. नाही मागितला, तरी ती आमच्या घरची सून. हिंदू घरात आमची मुलगी गेली तर तिथंही हेच झालं पाहिजे. तिच्या गळ्यातला क्रूस काढून घेणाऱ्या सासूला मी हेच सांगीन, आणि आमच्या पाळकांनाही.

एक मागणी मराठी लिहिणाऱ्यांकडं आहे. ख्रिस्ती माणूस मराठी कथेत आला की तो गोव्याचा, वसईचा किंवा मुंबईच्या चाळीतला असतो, त्याच्या घरात केक असतो आणि तोंडात मोडकं मराठी. नगर, सोलापूर, जालन्याचा ख्रिस्ती तुम्हाला माहीत नाही. त्याचं आडनाव साळवे, गायकवाड, शिंदे. नाताळात त्याच्या घरी करंज्या आणि चकल्या होतात. त्याच्या आजीच्या आयुष्यात प्रेम, श्रद्धा आणि घर यांची रस्सीखेच एखाद्या कादंबरीला पुरून उरेल एवढी झालेली आहे. आमच्या कपाटातली पुस्तकं नेणाऱ्या बारावीच्या मुलींना परदेशातल्या हिवाळ्याची गोष्ट वाचावी लागते, कारण नेवाशाच्या उन्हाळ्याची कुणी लिहिली नाही. ती लिहिताना एवढंच पाळा: सोयीसाठी नवरा मारू नका, आणि कुणाच्याही देवाला खलनायक करू नका. दोन जिवंत माणसं, दोन वेगळे देव आणि एक चूल, एवढ्यावर कादंबरी उभी राहते. राहत नसेल, तर दोष आपल्या कल्पनाशक्तीचा.

आणि आईबापांना इतकंच सांगणं आहे. मुलगी तिच्या मनाचा नवरा किंवा मनाचा देव घेऊन निघाली, तर तिला अडवण्यात तुमची शक्ती खर्चू नका. तिच्या हातात एक फोन नंबर आणि थोडे पैसे ठेवा, आणि सांगा की रात्री दोन वाजता आलीस तरी दार उघडेल, ‘मी सांगितलं होतं’ असं कुणी म्हणणार नाही. बहुतेक मुली परत येत नाहीत. पण परत येता येतं हे ठाऊक असलेली मुलगी तिकडं नांदते ती मनापासून नांदते, आणि ज्या घरात तिला तसं नांदता येत नाही, ते घर सोडायची हिंमतही तिच्यात असते.